मापात पाप ओळखण्याचे शिक्षण

आपल्या घरातले कोणी पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल, तर मुख्य विषयांच्या शेजारी काही नवी नावे आपण पाहिली असतील : आर्थिक साक्षरता, नीतिमूल्ये, डेटा साक्षरता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक आहेत. त्यांपैकी ९ शाखेबाहेरच्या विषयांना, ९ कौशल्यांना आणि ६ ते ८ मूल्यवर्धित विषयांना दिले आहेत. कोणता विषय कोणत्या गटात, हे विद्यापीठागणिक बदलते. राज्यांचे धोरणही बदलते. कर्नाटकाने २०२४ मध्ये चार वर्षांच्या पदवीची चौकट मागे घेतली.

घरोघरी मात्र या विषयांना एकच वागणूक मिळते : 'पास झालास म्हणजे झाले.' हे विषय असे उरकण्याजोगे का नाहीत, ते दोन हिशेबांवरून पाहू.

पहिला हिशेब कर्जाचा. एक लाख रुपये, मुदत एक वर्ष, व्याज 'फक्त बारा टक्के फ्लॅट'. म्हणजे बारा हजार व्याज आणि दरमहा सुमारे ९,३३३ रुपयांचा हप्ता. ऐकायला स्वस्त वाटते. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो; शेवटच्या महिन्यात आपल्याकडे जेमतेम नऊ हजार उरलेले असतात, तरी व्याज पूर्ण लाखावरच धरलेले असते. उरलेल्या रकमेवर हिशेब केला, तर हाच दर वर्षाला सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. बारा हा आकडा खोटा नाही, पण त्यावरून खरी किंमत कळत नाही.

दुसरा हिशेब तपासणीचा, आणि तो मला व्यवसायामुळे जवळचा. समजा, एखादा आजार शंभरात एकाला आहे. तपासणी आजाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांना बरोबर पकडते आणि निरोग्यांपैकी दहा टक्क्यांना चुकून आजारी ठरवते. हजार जणांना तपासले, तर दहा आजाऱ्यांपैकी नऊ सापडतील. पण ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांच्या हातीही 'पॉझिटिव्ह' अहवाल पडेल. म्हणजे असे अहवाल १०८ आणि खरे आजारी नऊ, बारांत एक. 'नव्वद टक्के अचूक' एवढेच ऐकलेले कुटुंब त्या रात्री झोपत नाही. कोणतीही लक्षणे नसताना तपासण्यांचे पॅकेज घेणाऱ्याने हा हिशेब आधी समजून घ्यावा.

आता नीतीचा विषय यात कुठे येतो? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे दोष सांगताना कमीजास्त वजनमापांचा व्यवहार त्यांत धरला आहे. देताना हलके माप आणि घेताना जड माप, ही चोरीचीच भावंडे मानली गेली. पूर्वी माप लोखंडाचे होते, आता ते टक्क्यांचे आहे. म्हणून ज्याला चक्रवाढ कळते पण नीती शिकवली नाही, तो फ्लॅट दराची जाहिरात लिहील. आणि ज्याला नीती पाठ आहे पण टक्केवारी कळत नाही, तो त्याच जाहिरातीखाली सही करील. हे तीन विषय एकत्र शिकवण्याचे कारण हेच आहे.

महाविद्यालयात हे सारे पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत आटोपले, तर हाती काही लागणार नाही. खरे कागद वर्गात यायला हवेत आणि घरातही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावे लागते. त्यात शुल्कांसह वार्षिक दर असतो. पुढचे कर्ज घेताना ते पत्रक मुलांना वाचायला द्या. आजोबांच्या तपासणीचा अहवाल आला, की त्यांनाच विचारू द्या : हा टक्का कितींपैकी? तो कशावर मोजला? आणि सांगणाऱ्याचा यात लाभ काय?

हे प्रश्न मराठीतच विचारा. आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलो. मुले शिकतात इंग्रजीत, बाजारात बोलतात कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगूत. पण पैशाचे आणि आजारपणाचे निर्णय अजूनही घरच्या भाषेत होतात. व्याज, मुद्दल, हमी, संमती हे शब्द मुलांच्या तोंडी असतील, तर सही करण्याआधी ती घरी बोलतील.