गोड न कळणाऱ्या जिवाला मधुमेह

मांजराला गोड कळत नाही. आवडत नाही असं नव्हे, कळतच नाही. जिभेला गोडाची जाणीव व्हायला दोन प्रथिनांची जोडी लागते, आणि त्यांतल्या एकाचं जनुक मांजराच्या अख्ख्या कुळात निकामी झालेलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2005 साली हे दाखवून दिलं. घरच्या मांजरात तो बिघाड होता, तसाच वाघात आणि चित्त्यातही. पेढ्याची चव ठाऊक नसलेल्या या प्राण्याला मधुमेह मात्र होतो. तोही बहुतेक वेळा माणसाच्या टाइप 2 सारखा. कुत्र्यालाही मधुमेह होतो, पण त्याचा प्रकार वेगळा असतो.

न्यूझीलंडमध्ये सुमारे 40 टक्के घरांत मांजर आहे, त्यामुळे हे निदान ऐकणारे लोकही तिथे कमी नाहीत. ऑकलंड-वेलिंग्टनकडच्या मराठी घरांत ते ऐकल्यावर पहिला प्रश्न येणार तो असा: साखर तर आपण खातो, मग हिला मधुमेह कसा?

याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा न्यूझीलंडच्याच एका माणसाने शोधला. मधुमेह्यांच्या स्वादुपिंडात, इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींभोवती, काचेसारखा एक साका असतो, हे यूजीन ओपी यांनी 1901 मध्येच नोंदवलं होतं. तो कशाचा बनलेला आहे, हे पुढची 86 वर्षं कोडंच राहिलं. 1987 मध्ये दोन गटांनी ते जवळपास एकाच वेळी सोडवलं. एका गटात न्यूझीलंडचे गार्थ कूपर होते. ऑक्सफर्डमध्ये काम करताना त्यांनी मधुमेही माणसांच्या स्वादुपिंडातून ते द्रव्य वेगळं केलं. पुढे ते ऑकलंड विद्यापीठात प्राध्यापक झाले. दुसरा गट स्वीडनचे पेर वेस्टरमार्क आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांचा. त्यांच्यापुढे माणसाच्या स्वादुपिंडातली एक गाठ होती आणि सोबत एका मधुमेही मांजराचं स्वादुपिंड. माणूस आणि मांजर, दोघांकडेही साका एकाच प्रथिनाचा निघाला.

या प्रथिनाचं नाव अ‍ॅमायलिन. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच तेही बनवतात आणि दोन्ही एकत्रच रक्तात सोडतात. जेवणानंतर पोट सावकाश रिकामं व्हावं, भूक भागल्याचं मेंदूला कळावं, ही त्याची कामं. लठ्ठपणामुळे शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की पेशी दुप्पट राबतात. इन्शुलिन वाढतं, तसं अ‍ॅमायलिनही वाढतं. माणसात आणि मांजरात या प्रथिनाच्या मधल्या भागाची घडण अशी आहे की त्याचे धागे एकमेकांना चिकटतात. त्यात ज्या पेशींनी ते बनवलं त्याच मरू लागतात.

म्हणून वजन वाढलेला, वयस्कर, नसबंदी झालेला, दिवसभर घरात लोळणारा बोका यात जास्त सापडतो. न्यूझीलंडमध्ये आणखी एक धोका आहे, बर्मीज जातीचा. ही जात आधुनिक रूपात सुरू झाली ती वाँग माऊ नावाच्या मांजरीपासून. 1930 साली जोसेफ थॉम्पसन नावाच्या डॉक्टरांनी तिला ब्रह्मदेशातून सॅन फ्रान्सिस्कोला आणलं. पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला वंश अमेरिकेतल्या वंशापासून वेगळा होत गेला. मधुमेहाचा जास्त धोका दिसतो तो या पहिल्या शाखेत. अमेरिकेतल्या बर्मीजमध्ये तो तसा आढळलेला नाही.

आजार ओळखू येतो पाण्याच्या भांड्यावरून आणि लघवीच्या ट्रेवरून. रक्तातली साखर लिटरला साधारण 15 मिलिमोलच्या, म्हणजे आपल्याकडच्या मापात 270 च्या आसपास गेली की मांजराचं मूत्रपिंड ती अडवू शकत नाही. साखर लघवीत उतरते, जाताना पाणी ओढून नेते आणि मांजर घटाघटा पाणी पिऊ लागतं. खाणं वाढतं तरी वजन उतरतं. काहींच्या मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात, मग ती टाचा टेकून चालतात. नुसत्या एका रक्ततपासणीवर मात्र व्हेट थांबत नाही, कारण दवाखान्यात घाबरल्यानेही मांजराची साखर भराभर चढते. त्यासाठी फ्रुक्टोसामीन तपासतात. गेल्या दोन-तीन आठवड्यांत साखर सरासरी किती होती, ते त्यावरून कळतं.

पुढे बहुतेकांच्या वाट्याला दिवसातून दोनदा इन्शुलिन येतं. सुई केसाएवढी बारीक असते आणि खाण्यात रमलेल्या मांजराला ती फारशी जाणवतही नाही. जपायचं ते सिरिंजला. प्राण्यांची काही इन्शुलिनं मिलिलिटरला 40 युनिटची असतात, तर माणसांची बहुधा 100 ची. 40 च्या सिरिंजमध्ये 100 चं इन्शुलिन भरलं तर डोस अडीचपट होतो. साखर घरीही मोजता येते, कानाच्या कडेच्या शिरेतून काढलेल्या एका थेंबावर. मांजर लडखडलं, मलूल झालं, झटके येऊ लागले, तर साखर फार उतरली असं समजायचं. हिरड्यांना मध चोळायचा आणि लगोलग व्हेटला गाठायचं. मध गोड आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, पण जीव वाचतो. उलट, खाणं बंद आणि उलट्या सुरू असतील तर तीही तातडीचीच वेळ. वजन उतरवायचं म्हणून मांजराला उपाशी ठेवलं तर यकृतात चरबी साचते, तेही जिवावर बेतू शकतं.

यापुढची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. निदान लवकर झालं, साखर नीट काबूत आली आणि आहारातली कर्बोदकं घटली, तर बऱ्याच मांजरांचं इन्शुलिन काही महिन्यांत सुटतं. सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. चढ्या साखरेने त्या गारठून बसलेल्या असतात, ओझं उतरलं की पुन्हा कामाला लागतात. आजार परत उलटू शकतो म्हणून मोजणं सोडायचं नाही.

आहाराला इतकं महत्त्व आहे ते मांजराच्या यकृतामुळे. एकदम आलेली साखर पटकन उचलणारं विकर त्यात फारच कमी असतं, उलट प्रथिनांपासून ग्लुकोज बनवण्याचं काम अखंड चालू असतं. कोरड्या दाण्यांना आकार धरायला पिठूळ पदार्थ लागतोच, म्हणून डब्यातलं ओलं, मांसाचं अन्न बरं. आपला दूध-भात तर या यकृताला सर्वस्वी परका. मात्र खाणं बदलायचं ते व्हेटला सांगूनच, कारण कर्बोदकं घटली की जुना डोस जास्त ठरतो.

या सगळ्यात एक प्राणी सुखी आहे. उंदराचं अ‍ॅमायलिन चिकटत नाही. मोक्याच्या तीन जागी त्यात प्रोलिन हे अ‍ॅमिनो आम्ल बसलेलं असतं आणि त्यामुळे धागे जुळतच नाहीत. कूपर यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या कंपनीने तीच तीन प्रोलिनं माणसाच्या अ‍ॅमायलिनमध्ये घालून प्रॅमलिंटाइड बनवलं, आणि 2005 साली अमेरिकेत मधुमेह्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. मधुमेही मांजराला व्हेट जे खायला सांगतात, तेही भरपूर प्रथिनं आणि अगदी थोडी कर्बोदकं, म्हणजे उंदराच्याच अंगाचा हिशेब. माणसाचं औषध आणि मांजराचं ताट, दोन्हींचा नमुना एकच.