दिलासा
कौटुंबिक हिंसेची झळ पोहोचलेल्या स्त्रियांसाठी रुग्णालयातच चालविण्यात येणारा समुपदेशन-विभाग. मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन-संस्था यांच्या संयुक्त विद्यमाने २००० साली वांद्रे येथील के. बी. भाभा रुग्णालयात त्याची स्थापना झाली. पुढे राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाखाली हा उपक्रम मुंबईतील इतर उपनगरी रुग्णालयांतही सुरू झाला.

पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास कचरणारी स्त्री उपचारांसाठी रुग्णालयात मात्र येते. तेथे ‘न्हाणीघरात घसरून पडले’ किंवा ‘चुकून औषध प्याले’ असे ती सांगते, केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते आणि मलमपट्टी करून तिला त्याच घरी धाडले जाते. हिंसेचे परिणाम दृश्य जखमांपुरते नसतात. जुनाट डोकेदुखी, ओटीपोटातील वेदना, गर्भपात, निद्रानाश, विषण्णता, आत्महत्येचा प्रयत्न अशा अनेक रूपांनी ते प्रकटतात. या संबंधाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांत अमेरिकन परिचर्याशास्त्रज्ञ जॅकलीन कँबेल यांचे नाव अग्रगण्य आहे. स्त्रीच्या जिवाला कितपत धोका आहे, हे अजमावणारी त्यांची प्रश्नावली १९८६ साली प्रसिद्ध झाली. गळा आवळणे, ठार मारण्याची धमकी, गरोदरपणातील मारहाण यांविषयीचे प्रश्न तीत आहेत.

दिलासाच्या कार्यपद्धतीत परिचारिकेचे स्थान महत्त्वाचे आहे. वॉर्डात रुग्णाजवळ अधिक वेळ तीच असते. प्रशिक्षित परिचारिका लक्षणांवरून संशय आल्यास नातेवाइकांना दूर ठेवून एकांतात विचारपूस करते व रुग्णेस समुपदेशकाकडे पाठविते. तेथे तिच्या सुरक्षिततेचा आराखडा तिच्याशीच बोलून ठरविला जातो. कायदेशीर साहाय्य आणि तात्पुरता निवारा मिळवून देण्याचेही प्रयत्न होतात. संसार टिकवावा की मोडावा, हा निर्णय मात्र तिचाच मानला जातो. जुन्या समेटवादी समुपदेशनाहून ही पद्धत भिन्न आहे, आणि तिचे खरे सामर्थ्यही येथेच आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ (अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) याने रुग्णालयांवर निश्चित जबाबदारी टाकली. हिंसापीडित स्त्रीने मागितलेले वैद्यकीय साहाय्य नाकारता येत नाही. घटनेचा अहवाल आधी झालेला नसल्यास रुग्णालयाच्या प्रमुखाने तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. त्यामुळे जखम कशी झाली व कोणी केली, ही रुग्णेच्या शब्दांतील नोंद पुढे न्यायालयात उपयोगी पडू शकते. मोघम नोंदीचा तोटा अखेर तिलाच सोसावा लागतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूरसारख्या (बुलढाणा जिल्हा) ग्रामीण तालुक्यात प्रश्नाचे स्वरूप थोडे वेगळे असते. उपकेंद्रातील परिचारिका गावच्या ओळखीची असल्याने तिच्यापाशी मन मोकळे करणे सोपे, परंतु गुप्तता राखणे अवघड असते.