मामांच्या वहीतलं खोबरेल

मामांनी गाडी घेतली ती १९९६ च्या पाडव्याला आणि त्याच दिवशी तिच्या नावाची दोनशे पानी वही घातली. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं, वर ‘श्री’ आणि खाली त्यांच्या बँकेतल्या सुवाच्य अक्षरात : ‘ई-२२०. रंग पांढरा. आतून बिस्किटी. सीट चामड्याच्या, डॅशबोर्डला खरं लाकूड.’ ‘खरं’ या शब्दाखाली दोन रेघा. पुढे मग पेट्रोल, हवा, टायर, ड्रायव्हरचा भत्ता. आणि दर दोन-तीन महिन्यांनी न चुकता एक ओळ : ‘सीट व लाकूड - तेल.’

मामा गेले. गाडी आणि वही दोन्ही माझ्याकडे आली. परवा गाडीच्या आतल्या कामाचा एकूण खर्च काढावा म्हणून वही पहिल्यापासून वाचायला घेतली, तर बेरीज बाजूलाच राहिली. अठ्ठावीस वर्षांत आम्ही या गाडीवर जे जे प्रेम केलं, त्यातलं निम्मं तिला बाधलं होतं.

ती गाडी घरात येणं म्हणजे काय होतं, हे आज सांगून पटणार नाही. मर्सिडीजचं हे मॉडेल जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आलेलं. १९९५ साली तिकडे त्याची जागा नव्या मॉडेलने घेतली आणि त्याच वर्षी ते पुण्यात, टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात बनायला लागलं. म्हणजे आपल्याला नवी ती तिकडची जुनी. पण तक्रार कोण करणार? तोवर आमच्या बिल्डिंगीत फियाट आणि अँबॅसॅडर. दोन्हींत रेक्झिन. मे महिन्यात हाफ पँटीत बसलं की उठताना मांडीची साल निघते असं वाटायचं, म्हणून वर टर्किश टॉवेलची कव्हरं. चामड्याच्या सीटचं काय करायचं असतं, हे दादरच्या त्या अख्ख्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

मामांना मात्र वाटायचं की आपल्याला माहीत आहे. ते मूळचे कोल्हापूरचे, आणि चामडं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर वहाण. नवी कोल्हापुरी आणली की तिला रात्रभर तेल पाजायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाजायचं, मग ती मऊ पडते, चावत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. यात चुकीचं काहीच नाही. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, त्यावर रंगाचा थर नसतो, छिद्रं उघडी असतात. तेल टाकलं की पितं. मामांनी तोच न्याय मर्सिडीजला लावला. ‘१४ फेब्रुवारी ९७. सीटला खोबरेल, अर्धी वाटी. मऊ वाटते. वास चांगला.’

वास चांगला येणारच. पण सीटने तेल प्यायलंच नव्हतं. ते वर बसून राहिलं, त्यावर दादरची धूळ बसली आणि वर्षभरात बिस्किटी रंगाचं भिजलेलं बिस्किट झालं. ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे माणूस घसरत आत बसतो त्या उंच कडेवर, काळपट चकाकी आली. डोकं टेकायच्या जागी तर डोक्याचंही तेल आणि सीटचंही तेल. (इंग्रजांच्या घरात खुर्चीच्या पाठीवर जो कापडी तुकडा टाकत त्याचं नावच मुळी मॅकॅसर नावाच्या केसांच्या तेलावरून पडलंय. म्हणजे हा रोग एकट्या आपला नाही.)

मग आला पावसाळा. जुलै ९८ च्या पानावर एकच शब्द आहे : ‘बुरशी.’ मामा आठवडाभर गावी गेले होते. परत येऊन दार उघडलं तर मागच्या सीटवर पांढरी-हिरवट लव, शिळ्या भाकरीवर येते तशी. फडक्याने पुसली, पुन्हा खोबरेल. बुरशीला आणखी काय हवं? हवा दमट, खाली उबदार आणि वर जेवण वाढलेलं. पुढची चार वर्षं वहीत हेच चक्र आहे : तेल, बुरशी, डांबरगोळ्या, तेल. डांबरगोळ्यांनी बुरशी हटली नाही. गाडीला मात्र आजीच्या ट्रंकेचा वास आला आणि तो सहा-सात वर्षं टिकला.

१९९९ साली लंडनजवळ राहणाऱ्या आतेभावाने एक डबी आणली. कॉनली कंपनीचं ‘हाइड फूड’. १८७८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या कॉनलीचं चामडं रोल्स-रॉईस आणि जॅग्वारमध्ये असायचं, आणि डबीतलं मलम त्या चामड्याचा खुराक. मामांच्या दृष्टीने हे साक्षात गंगाजल. चार सीटना त्यांनी ते नखभर नखभर लावलं आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं, मामींच्या शिव्या खात. फरक? शून्य. २००२ मध्ये ती मूळ कंपनी बंद पडली तेव्हा मामांनी वहीत तशी नोंद केली आहे, जवळच्या कुणाची तारीख लिहावी तशी.

दोष मलमाचा नव्हता. हे कळलं जुन्या गाड्यांच्या एका रॅलीत. फोर्टात एक वयस्कर पारशी गृहस्थ आपल्या तीसच्या दशकातल्या गाडीच्या सीटवरून हात फिरवत उभे होते. चामडं भेगाळलेलं, पण जिवंत. मामांनी त्यांना आपली दिनचर्या अभिमानाने ऐकवली. म्हातारबुवांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दीकरा, तेल इंजिनमदी घालायचा. सीटवर कशाला घालते?” मामा हसले. घरी आल्यावर मात्र दोन दिवस गप्प होते.

खरा उलगडा २००७ साली धारावीत झाला. ड्रायव्हरच्या सीटची शिवण उसवली होती, म्हणून मी गाडी एका कारागिराकडे नेली. पन्नाशीचा माणूस, बोटं रंगाने कायमची तपकिरी. त्याने सीट पाहिली, वास घेतला आणि विचारलं, “खोबरेल?” मी मान हलवली. त्याने कापसाच्या बोळ्याला थिनर लावून सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर एकदाच फिरवला. बोळा बिस्किटी झाला. “साहेब, हा रंग. इतकी वर्षं तुम्ही रंगाला तेल लावताय. चामडं याच्या खाली आहे.” मग उसवलेल्या जागेची कापलेली कड वर करून दाखवली. आतून निळसर करडी. कोल्हापुरी वहाणेची कड आतपर्यंत तपकिरी असते. ही निळसर, कारण हे क्रोम घालून कमावलेलं. त्याला लागणारं तेल कारखान्यातच आत मुरवलेलं असतं. वरून रंग, रंगावर पारदर्शक थर, आणि मग ते गाडीत बसतं. आपलं बोट जिथे फिरतं ते चामडं नसतंच.

एवढ्यावर थांबता तर ठीक. त्याने मागच्या सीटच्या बाजूला टिचकी मारली. “आणि हे तर चामडंच नाही. रेक्झिन आहे.” माणूस बसतो तेवढा भाग चामड्याचा आणि बाजू, पाठी रेक्झिनच्या, ही मोटारधंद्यातली जुनी आणि उघड रीत आहे. मर्सिडीजचं स्वतःचं एमबी-टेक्स नावाचं रेक्झिन तर इतकं हुबेहूब आणि इतकं दणकट की कित्येक मालक जन्मभर त्याला चामडं समजतात. म्हणजे मामांची अकरा वर्षांतली निम्मी वाटी प्लॅस्टिकला गेली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

तेलाने थेट चामडं नासत नाही, पण शिवणीच्या भोकांतून आणि बारीक भेगांतून ते रंगाच्या खाली उतरतं, आणि मग रंगाची पकड सुटते. आमच्या सीटचं तेच झालं होतं. कारागिराने दोन दिवस नुसती सफाई केली. आधी मऊ ब्रशने शिवणींतली धूळ. मग सौम्य क्लीनरचा फेस, फक्त फेस, पाणी नाही, आणि बुटाच्या ब्रशापेक्षा मऊ केसांचा ब्रश गोल गोल. एका वेळी वीतभर जागा, लगेच ओल्या फडक्याने पुसायची, लगेच कोरड्या. फडक्यावर जे उतरत होतं ते पाहून मला मामांच्या पितळी समईखालची ताटली आठवली. अंगाचा किंवा कपड्याचा साबण त्याने जवळ येऊ दिला नाही. चामडं आंबट स्वभावाचं, साबण खारट, त्यांचं जमत नाही, हे त्याचे शब्द. रसायनशास्त्राच्या पुस्तकात आम्ल आणि अल्कली म्हणून हेच लिहिलेलं असतं. तेल निघाल्यावर भेगांत भरणा, मग पाण्यात मिसळणारा रंग स्पंजाने, वर संरक्षक थर. चकाकी मुद्दाम ठेवली नाही. “नवी सीट चमकत नाही, मळलेली चमकते,” हे वाक्य मी त्यानंतर शंभर जणांना ऐकवलं असेल.

बुरशीचं कोडं मात्र धारावीत सुटलं नाही. ते २००९ मध्ये, आम्ही पुण्याला बिऱ्हाड हलवलं तेव्हा सुटलं. नाना पेठेतल्या एका मेकॅनिकने हीटरचा वास घेऊन पुढचं कार्पेट उचललं. खालचा फेल्ट पिळला तर पाणी. पुढच्या काचेच्या रबरातून पाऊस झिरपत होता, किती वर्षं देव जाणे. आम्ही सीट पुसत बसलो होतो आणि ओल पायाखाली होती. रबर बदललं, फेल्ट गच्चीवर वाळवला, मॅटखाली वर्तमानपत्रं टाकली आणि दर आठवड्याला बदलली. त्यानंतर बुरशी आली नाही. अठ्ठावीस वर्षांतला सगळ्यात स्वस्त इलाज हाच, आणि तो तेरा वर्षं उशिरा झाला.

पुण्याने सीट वाचवल्या आणि लाकडावर सूड घेतला.

लाकूड झेब्रानो. आफ्रिकेतलं, पट्टेरी, नाव झेब्र्यावरूनच. ‘खरं’ होतं, यात मामांची चूक नव्हती. पण खरं किती, तर मिलिमीटरभरसुद्धा नाही असा पापुद्रा, आणि त्यावर लॅकरचा काचेसारखा जाड थर. इथेही तीच गोष्ट, आपण लाकडाला हात लावतच नाही. मुंबईत सावलीला असलेली गाडी पुण्यात उघड्यावर आली. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डची उष्णता साठ-सत्तर अंशांवर सहज जाते. उन्हाने लॅकर पिवळं आणि ठिसूळ होतं. लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं-आकसतं, लॅकरला ते जमत नाही, आणि मग आडव्या बारीक भेगा. २०१२ च्या उन्हाळ्यात गिअरभोवतालची पट्टी भेगाळलेल्या टाचेसारखी दिसायला लागली. भेगेतून ओल शिरली की खालचं लाकूड करडं पडतं, तेही पडलं. मामा असते तर त्यांनी जवसाचं तेल लावलं असतं. मी त्यापेक्षा शहाणा होतो, म्हणून पॉलिश पेपर आणला.

कशाला खोटं बोलू, ॲशट्रेचं झाकण मीच घालवलं. लॅकर खरवडून निघत नव्हतं, मी जोर लावला, आणि एका क्षणी पट्टे संपले. हो, संपले. कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा सपाट, फिकट, पट्टे नसलेली. पापुद्रा फाटून खालचा थर वर आला होता. तो आवाज मला अजून आठवतो : खरखर एकदम गुळगुळीत झाली.

उरलेल्या पट्ट्या मग फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका मिस्त्रींकडे दिल्या. त्यांनी आधी माझं झाकण पाहिलं आणि काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. जुनं लॅकर त्यांनी गरम हवेने मऊ करून, बोथट पात्याने, पट्ट्यांच्या दिशेनेच सोललं. पेपर सगळ्यात शेवटी आणि तोही ठोकळ्याला गुंडाळून. बोटाने घासलं की खड्डा पडतो. मी लाखेचं, म्हणजे चपड्याचं फ्रेंच पॉलिश सुचवलं. ते म्हणाले, घरातल्या कपाटाला करा, गाडीच्या उन्हात चपडा टिकणार नाही. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे सात हात, दर दोन हातांमध्ये एक दिवस. मग तीन आठवडे नुसतं ठेवून दिलं. शेवटी पाण्यातला बारीक पेपर आणि कंपाउंड. महिनाभर गाडी डॅशबोर्डला भोकं घेऊन फिरली, आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यांनी मला चोरी झाली का म्हणून विचारलं.

झाकण मात्र गेलं ते गेलंच. आणि इथे एक गोष्ट कळली. महागड्या गाड्यांत लाकडाचे सगळे तुकडे एकाच ओंडक्याच्या लागोपाठच्या पापुद्र्यांतून कापतात, म्हणून पट्टा या तुकड्यातून त्या तुकड्यात वाहत गेल्यासारखा दिसतो. रोल्स-रॉईससारख्या ठिकाणी तर पुढे दुरुस्ती लागली तर म्हणून त्याच झाडाचे पापुद्रे जपून ठेवायची पद्धत होती. बाजारातून नवं झाकण आणलं तरी ते शेजारच्या पट्टीशी अनोळखीच राहणार. मी दोन आणली. एक फार लालसर, दुसऱ्याचे पट्टे इतके रुंद की जणू दुसराच प्राणी.

वहीची आता अकरा पानं उरली आहेत. गेल्या दहा वर्षांत आतल्या कामाच्या नोंदी फार थोड्या आहेत : काचेला सनशेड, वर्षातून दोनदा फेसाची सफाई, लाकडाला नुसतं कोरडं मऊ फडकं, पावसाळ्यात दर रविवारी अर्धा तास एसी चालू ठेवून चक्कर. चमकणारा सिलिकॉनचा स्प्रे एका कार-वॉशवाल्याने न विचारता मारला, त्या दिवशी भांडण. बाकी काही नाही. २०२४ च्या जूनची नोंद : ‘कार्पेट कोरडं. सीटला काही लावलं नाही.’

एक विनंती. या मॉडेलच्या १९९५-९६ च्या गाडीचं झेब्रानोचं ॲशट्रेचं झाकण कुणाच्या माळ्यावर, गॅरेजच्या फळीवर पडलेलं असेल तर मला हवं आहे. भेगा पडलेलं, पिवळं झालेलं, कसंही चालेल. फक्त देण्याआधी त्याला तेल लावू नका.