फटफटीची जवारी

बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर मी बरीच वर्षे गाणे शिकवीत आहे. वडील संस्थानच्या दरबारी गात. मी त्यांचे उतारवयातले अपत्य, त्यामुळे दरबार काही पाहिला नाही. तंबोरा लावायला मात्र त्यांच्याच हाताखाली शिकलो. कानाविषयी मला थोडा अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

भालकीचे मामा गेले तेव्हा त्यांची फटफटी माझ्याकडे आली. 1994 सालची, बिडाच्या इंजिनाची 350 सी.सी. बुलेट. 2020 साली धुराचे नवे नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचे ते यंत्रच ठरवते. मामांच्या गाडीत ते काम दोन पितळी जेट आणि एक बारीक सुई करतात, आणि ती माणसालाच लावून द्यावी लागते.

मी ती तंबोऱ्यासारखी लावली. इंजिन तापू दिले, हवेचा स्क्रू अलगद पूर्ण मिटवला, मग दीड फेरा उघडला, तेथून कानाने पुढे. हवा वाढली की ठोका स्वच्छ होतो, चाल चढते. मग दुसऱ्या स्क्रूने चाल उतरवायची. असे करीत करीत तिला अशा विलंबितात आणली की दोन ठोक्यांमध्ये सुपारी कातरावी! भाच्याने हौसेने मोकळा सायलेन्सर बसवून दिला होता, त्याने आवाज आणखी घुमारदार झाला. जवारी साधली, असे मला वाटले.

हुमनाबादेजवळच्या माणिकनगरला दत्तजयंतीचा उत्सव मोठा असतो. माणिकप्रभूंच्या (1817–1865) या स्थानी गाण्याला फार मान. आम्हां गाणाऱ्यांची ती वारीच म्हणा ना. गेल्या खेपेस पहाटेच्या थंडीत बुलेटवरूनच निघालो. हल्लीखेडच्या पुढे, उसाच्या गाड्या ओलांडताना, इंजिनातून टिणटिण असा खंजिरीसारखा आवाज येऊ लागला, मग जोर गेला, आणि मागचे चाक एकदम धरल्यासारखे झाले. क्लच दाबला म्हणून पडलो नाही.

ढकलत ढकलत गाठले ते एका वृद्ध मिस्त्रींचे दुकान. त्यांनी इंजिन निवू दिले, प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. चिनी मातीचा भाग खडूसारखा पांढरा. तो बिस्किटाच्या रंगाचा हवा. काळा म्हणजे पेट्रोल जादा, पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि आग जास्त. मी म्हटले, "पण आवाज तर किती गोड होता!" ते हसले. "आवाज नक्को सुनो, मास्टरसाब. प्लग देखो."

चूक कोठे होती, ते त्यांनी कार्बुरेटर खोलून दाखवले. हवेचा स्क्रू आणि लहान जेट यांचा अंमल गाडी उभी असेपर्यंत, फार तर मूठ थोडी पिळेपर्यंत. पुढे पाऊण मुठीपर्यंत राज्य सुईचे, त्यापुढे मोठ्या जेटचे. मी षड्ज लावला होता आणि सारे गाणे मध्यम-पंचमात चालले होते! त्यात सायलेन्सर मोकळा, म्हणजे धूर झटकन निघून हवा जास्त ओढली जाते. थंडीची हवा दाट. आणि पेट्रोलही मामांच्या वेळचे नव्हे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आपल्याकडे 2023 पासून मिळू लागले आणि 2025 पर्यंत देशभर पसरले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला केवळ 9. कारण प्राणवायू त्याच्या पोटातच असतो. जेट जुन्या मापाचाच राहिला, तर मिश्रण आपोआप पातळ पडते. ज्या उसाच्या गाड्या मी ओलांडत होतो, तसल्याच उसातून हा मद्यार्क निघतो, याची गंमत मला नंतर वाटली. त्या वेळी नाही.

विलंबित ठोक्याचा माझा षौकही त्यांनी मोडून काढला. इंजिन मंद तर तेलाचा पंपही मंद, आणि वरच्या भागाला तेल अपुरे. बुलेटवाले हे ऐकून घेत नाहीत, असे ते म्हणाले. मीही घेतले नव्हते.

मग त्यांनी सुईची चीप एक खाच खाली बसवली, म्हणजे सुई तेवढी वर येऊन पेट्रोलला वाट मिळाली. मोठा जेट आकड्याने पाच वाढवला. इथेनॉलने कडक पडलेली रबरी नळी बदलली. मला पुढे बसवून पाऊण मुठीवर दोन मैल पळवायला लावले, धावत्या गाडीचे इंजिन बंद करून प्लग पाहिला, आणि पुन्हा जेट बदलला. असे तीनदा. पिस्टनला ओरखडे होते, पण चालण्याजोगे. चौथ्या खेपेला प्लगवर कडेने फिकट तपकिरी छटा दिसली, तेव्हा त्यांनी विडी पेटवली.

माणिकनगरला पोचलो तो दुपार टळली होती. सायलेन्सर पुढल्याच आठवड्यात मूळचा बसवला, भाचा रुसला.

आता बुलेट दारात उभी असते तेव्हा जरा घाईतच ठोके देते. परवा शेजारचे आप्पा विचारीत होते, "मास्तर, गाडीचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, बिघडली का?"