नौकेच्या तळफळ्या आणि विदर्भाचा साग

वर्धा शहरापासून मुंबईचा किनारा लोहमार्गाने सुमारे साडेसातशे किलोमीटर दूर आहे, आणि अशा प्रांतात राहणाऱ्या लेखकाने शिडाच्या लहान नौकेच्या तळाशी बसविल्या जाणाऱ्या लाकडी फळ्यांविषयी विस्ताराने लिहावे, हे प्रथमदर्शनी काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु नौकेचा आरंभ पाण्यात होत नाही, तो वनात होतो; आणि ज्या मुलखात उत्तम साग उगवतो व सुताराच्या हाती ज्ञान आहे, त्या मुलखाचा नौकेशी संबंध किनाऱ्यावरील बंदराइतकाच जुना आणि जिव्हाळ्याचा मानला पाहिजे.

1862 साली नागपूरपासून विभक्त होऊन अस्तित्वात आलेल्या वर्धा जिल्ह्याची पश्चिम सरहद्द वर्धा नदीने आखून दिली आहे. 1803 च्या देवगावच्या तहानंतर हीच नदी नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि निजामाच्या ताब्यातील वऱ्हाड यांच्यामधील हद्द ठरली होती. तिच्या काठी धीवर व भोई मंडळींचे डोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. जिल्ह्याच्या ईशान्येस, 2014 साली व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळालेल्या बोरच्या वनात, साग, ऐन आणि बांबू याच प्रधान वनस्पती आहेत. तर वर्धा नदीच्या खालच्या अंगास, चंद्रपूर जिल्ह्यात, बल्लारपूरच्या वखारीत आलापल्लीकडील थोर साग येऊन पडतो. 2023 साली अयोध्येच्या राममंदिरासाठी याच बल्लारपुराहून साग रवाना झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

नौकेसाठी लाकूड कसे मिळवावे, याचा विचार मराठी राज्यकर्त्यांनी किती सूक्ष्मपणे केला होता, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराच्या प्रकरणावरून दिसते. आरमारास तख्ते, सोट व डोलकाठ्या यांसाठी थोर लाकूड लागते, हे मान्य करूनही त्यांनी सागासारखे वृक्ष परवानगीने, जरुरीपुरतेच तोडावेत आणि उणे पडेल ते परमुलखातून खरेदी करावे, असा दंडक घातला. रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे, हा त्यांचा आशय. एक फळी निर्माण होण्यास मनुष्याचे निम्मे आयुष्य खर्ची पडते, ही जाणीव ज्याला आहे तोच ती फळी नीट बसवील. आणि तळफळ्यांची सारी विद्या याच जाणिवेतून उगम पावलेली आहे.

नौकेच्या बुडातून पुढून मागे जाणारे मुख्य लाकूड म्हणजे पठाण, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी वर वळत गेलेली लाकडे म्हणजे वाक. बाहेरच्या तख्त्यांची जाडी लहान नौकेत फारच थोडी असल्यामुळे दोन वाकांमधील जागेवर मनुष्याचे पाऊल प्रत्यक्ष पडले, तर तख्ता दबतो, सांधे ढिले होतात आणि पाणी झिरपू लागते. म्हणून वाकांवर आडव्या लाकडांचा आधार करून त्यावर लांबीच्या दिशेने फळ्या अंथरतात, ज्यायोगे खलाशाचा भार बाहेरच्या कवचावर न पडता सांगाड्यावर वाटला जातो, आणि बुडाशी साचणाऱ्या पाण्यापासून पाय व सामान कोरडे राहते. या फळ्या कायमच्या ठोकून टाकणे हा मात्र मोठाच दोष होय. कारण खालचे पाणी उपसण्यासाठी, घाण काढण्यासाठी आणि कुजू लागलेला वाक वेळीच ओळखण्यासाठी त्या क्षणात उचलता आल्या पाहिजेत.

लाकडाच्या निवडीत सागाला अग्रस्थान देण्याची कारणे स्पष्ट आहेत. त्याच्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी व बुरशी दूर राहतात, आणि ओकच्या लाकडातील अम्ल ज्याप्रमाणे लोखंडी खिळ्याला खाऊन टाकते, त्याप्रमाणे साग खात नाही. त्याचे वजन घनमीटरला सुमारे 650 किलो असल्यामुळे एक मीटर लांब, 150 मिलिमीटर रुंद व 12 मिलिमीटर जाड फळी साधारण सव्वा किलोच्या आतच भरते. या लाकडात सिलिकेचे कण असल्याने रंध्याचे पाते लवकर बोथटते, म्हणून धार वारंवार लावण्याची तयारी ठेवूनच सुताराने कामास बसावे.

लाकूड कोणत्या दिशेने चिरले आहे, हे पाहणे त्याहूनही महत्त्वाचे. वैशाखातील वर्ध्याच्या कोरड्या हवेत वाळलेली फळी कोकणच्या पावसाळ्यात गेली, की ती हवेतील ओल शोषून रुंदीत फुगते. खोडाच्या वर्तुळांना समांतर चिरलेली 150 मिलिमीटरची फळी अशा स्थित्यंतरात अंदाजे अडीच-तीन मिलिमीटर वाढते. गाभ्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने चिरलेली फळी त्याच्या निम्म्यानेच वाढते आणि वाकडीही कमी होते. म्हणून लाकूड थोडे अधिक वाया गेले, तरी त्रिज्येचा काप घ्यावा, आणि दोन फळ्यांमध्ये सुमारे सहा मिलिमीटरची फट राखावी. ही फट फळीच्या वाढीला अवकाश देते आणि वर सांडलेल्या पाण्याला खाली जाण्याची वाटही देते. आडव्या लाकडांच्या बुडाशीही लहान छिद्रे ठेवावी लागतात. ती नसतील, तर प्रत्येक कप्प्यात पाणी अडून राहते आणि उपसण्याच्या जागेपर्यंत पोहोचतच नाही.

मापे घेण्याचे काम धीराचे आहे. नौकेच्या तळात सरळ रेषा क्वचितच सापडते. म्हणून कडेच्या फळीसाठी आधी पातळ प्लायवूडची पट्टी जवळपासच्या आकाराची कापून जागेवर ठेवावी आणि कंपासची फाकण कायम राखून नौकेच्या बाजूची वक्रता त्या पट्टीवर उतरवून घ्यावी. त्या नमुन्यावरून फळी आखली, तरी काम पुरे होत नाही, कारण नौकेची बाजू नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, उभी होत जाते व मध्यभागी पसरते, त्यामुळे फळीच्या कडेचा उतार जागोजाग बदलतो. हा उतार फिरत्या गुण्याने ठिकठिकाणी मोजून, खुणा करून, रंध्याने हळूहळू उतरवावा, आणि कड नौकेच्या बाजूला घट्ट न भिडवता थोडी मोकळी ठेवावी.

फळ्यांखाली आडव्या पट्ट्या जोडून दोन-तीन फळ्यांचा एकेक पाट केला, तर तो उचलण्यास सोयीचा होतो. या जोडणीचे स्क्रू कोणत्याही परिस्थितीत बाहेरच्या तख्त्यापर्यंत पोहोचू देऊ नयेत. साध्या पितळी स्क्रूंमधील जस्त खाऱ्या पाण्यात झिजून ते ठिसूळ होतात, म्हणून सिलिकॉन-कांस्याचे स्क्रू योग्य. साग तेलकट असल्याने गोंद लावावयाचा असेल, तर सांधा आधी ॲसिटोनने पुसून घ्यावा. पाट जागेवर राहण्यासाठी लाकडी फिरक्या हव्यातच. साग पाण्यावर तरंगतो, आणि नौकेत पाणी भरले असता मोकळ्या फळ्या वर येऊन खलाशांच्या पायांत अडथळा करतात. वरचा पृष्ठभाग व्हार्निश न लावता उघडाच ठेवावा, म्हणजे ओल्या पायाला पकड मिळते.

सागाच्या या गुणांची साक्ष इतिहासाने दिलेली आहे. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या वंशजांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची बांधलेली, 1817 साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ युद्धनौका आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. अजिंठ्याच्या चित्रातील नौकेवरून गोव्यात बांधलेली, काथ्याच्या दोऱ्यांनी शिवलेली ‘कौंडिण्य’ 21 मे 2025 रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली, यावरून काष्ठनौकेची विद्या या देशातून लुप्त झालेली नाही, हेही सिद्ध होते.

ही विद्या विद्यार्थ्यांच्या हाती देण्याची वाटही वर्ध्यातच सापडते. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी येथे भरलेल्या शिक्षणपरिषदेतून, उद्योगाच्या द्वारे शिक्षण देणाऱ्या नयी तालीमचा जन्म झाला, आणि तिच्या अभ्यासक्रमात सुतारकामाला मूलोद्योगाचे स्थान मिळाले. भूमिती, वनस्पतिशास्त्र, हवामान, धातूंचे गुणधर्म आणि इतिहास हे सारे विषय एका तळफळीच्या निमित्ताने विद्यार्थ्याच्या हातून शिकविता येतात, याहून त्या विचाराचे अधिक समर्पक उदाहरण मला दिसत नाही. म्हणून जिल्ह्यातील सुतारकाम शिकविणाऱ्या शाळांना आणि संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे की, त्यांनी टेबले व खुर्च्या यांच्या जोडीला वर्षातून एकदा तरी नदीवरच्या एखाद्या डोंग्यासाठी तळफळ्यांचा एक पूर्ण संच विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा, आणि तो ज्या धीवराचा डोंगा असेल त्याच्याकडूनच तपासून घ्यावा.