मोकळा सोडलेला गडी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘या वेळी रोगराई सोडून काहीही चालेल’ अशी सवलत दिली, म्हणून हा विषय घेण्याचे धाडस करीत आहे. विषय आहे अमेरिकन फुटबॉल. इंदूरच्या मैदानांवर क्रिकेट पाहत वाढलेल्या माझ्यासारख्याला हा खेळ म्हणजे शिरस्त्राणे घातलेल्या धिप्पाड माणसांची निव्वळ झोंबाझोंबी वाटत असे. फिलाडेल्फियाजवळ राहणाऱ्या बहिणीकडे मुक्कामाला गेलो असता भाच्याने माझा हा गैरसमज दूर केला.

त्याने एका जुन्या सामन्याचे चित्रण लावले. ४ फेब्रुवारी २०१८ रोजी मिनियापोलिस येथे झालेल्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ४१-३३ असे हरविले. ईगल्सचा मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेन्ट्झ गुडघ्याच्या दुखापतीमुळे डिसेंबर २०१७ मध्येच बाहेर गेला होता. त्याच्या जागी आलेला राखीव खेळाडू निक फोल्स सामन्याचा मानकरी ठरला. त्या हंगामात ईगल्सने जी चाल सफाईने वापरली, तिचे नाव रन-पास ऑप्शन.

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. आक्रमकांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. चेंडू घेऊन धावायचे की दूर फेकायचे, हे एरवी बहुधा आधीच ठरलेले असते. या चालीत मात्र दोन्ही वाटा शेवटपर्यंत खुल्या ठेवतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो, पण सोडत नाही. त्याच क्षणी दुसरा एक सहकारी तिरपा आत धावत येतो. चेंडू द्यायचा की काढून घेऊन फेकायचा, याचा निर्णय जेमतेम दोन सेकंदांत व्हायला हवा.

“मामा, चेंडूकडे बघू नका, मधल्या त्या लाइनबॅकरकडे बघा,” भाचा म्हणाला. चालीचे मर्म त्यातच होते. धावणाऱ्याला वाट करून द्यायची तर समोरच्या प्रत्येकाला अडवायला एक माणूस लागतो. क्वार्टरबॅक स्वतः कोणाला अडवीत नाही, त्यामुळे हिशेबात एक माणूस कमी पडतो. या चालीत तो जास्तीचा बचावपटू मुद्दामच मोकळा सोडतात. त्याला अडवायचे नाही, वाचायचे. चेंडू खेळात येण्यापूर्वीच समोरची माणसे मोजून क्वार्टरबॅक हा गडी हेरून ठेवतो. तो धाव रोखण्यासाठी पुढे झेपावला की त्याच्या पाठीमागची जागा रिकामी होते आणि चेंडू तेथे फेकायचा. तो मागे सरकला तर चेंडू रनिंग बॅकच्या हाती सोडायचा. बिचारा कसाही वागला तरी चुकतोच.

रेंगाळून मात्र चालत नाही. अडवणारे गडी धाव आहे असे धरून पुढे रेटत असतात. व्यावसायिक स्पर्धेत चेंडू फेकण्यापूर्वी ते एका यार्डाहून पुढे गेले तर दंड होतो. महाविद्यालयीन खेळात ही मर्यादा तीन यार्डांची आहे. बचाव करणारेही भोळे नसतात. कोणी पुढे झेपावण्याची नुसती हूल देऊन मागे सरकतो, तर कधी प्रत्येक बचावपटू आपापल्या गड्यालाच चिकटून राहतो, म्हणजे वाचायला दुविधेतला माणूसच उरत नाही. म्हणून गडी नीट निवडणे, त्याच्या हालचालीवर विश्वास ठेवणे आणि इतर गोंगाटाकडे दुर्लक्ष करणे, या तिन्ही गोष्टी साधाव्या लागतात.

‘इतर गोंगाट’ हे शब्द मनात आले आणि मला निवासी डॉक्टर असतानाची एक रात्र आठवली. बाह्यरुग्ण कक्षात दोन मुले एकदमच आली. चार वर्षांचा मुलगा तापाने फणफणलेला आणि आकांत करणारा; आईच्या कुशीतले आठ महिन्यांचे बाळ मात्र शांत. मी साहजिकच रडणाऱ्याकडे वळलो. मागे उभ्या असलेल्या ज्येष्ठ सिस्टर हलकेच म्हणाल्या, “डॉक्टर, या बाळाचे झबले जरा वर करून पाहा.” बरगड्यांखालची छाती प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मिनिटाला श्वास मोजले. ते अडुसष्ट भरले. या वयात पन्नास म्हणजेच धोक्याची घंटा, हे मला परीक्षेपुरते पाठ होते. त्या रात्री प्राणवायू आणि औषधे वेळेवर मिळाल्याने बाळ वाचले. त्याचे श्रेय माझे नाही.

तेव्हापासून खोकल्याचे मूल समोर आले की मी आधी त्याचे अंग उघडे करतो आणि घड्याळ हाती घेतो. ताप, क्ष-किरण चित्र, आजीची कैफियत हे सारे महत्त्वाचेच. पण पहिला निर्णय कोणत्या खुणेवर घ्यायचा, हे मूल समोर येण्यापूर्वीच ठरलेले असावे. हूल येथेही असतेच: रडणाऱ्या मुलाचे श्वास उगाच जास्त भरतात, म्हणून ते शांत होईपर्यंत थांबायचे. आणि दमून गेलेल्या बाळाचे श्वास मंदावले, तर त्याला सुधारणा समजून फसायचे नाही.

फोल्सला तो निर्णय घ्यायला जेमतेम दोन सेकंद मिळत. आपल्याला श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट मिळते. गर्दीच्या दिवशीही तेवढे एक मिनिट त्या बाळाला द्यावे, एवढेच माझ्या तरुण व्यवसायबंधूंना सांगणे.