एक वही, एक पेन : पण कोणती वही, कोणता पेन?

महापरिनिर्वाण दिनी अथवा 14 एप्रिलला अभिवादनास येताना हार, फुले व मेणबत्त्यांऐवजी एक वही आणि एक पेन आणावा, हा उपक्रम गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात चांगलाच रुजला आहे. कोहमाऱ्याच्या चौरस्त्याला साकोली, देवरी, गोरेगाव आणि नवेगावबांध अशा चारही दिशांनी येणारे आमचे माजी विद्यार्थी व पालक वह्यांचा गठ्ठा घेऊनच शाळेच्या फाटकातून आत येतात, तेव्हा आम्हा शिक्षकांचा ऊर भरून येतो. परंतु गठ्ठे सोडताना दरवर्षी एक अडचण समोर उभी राहते. वह्या पुष्कळ, पण त्या त्या वर्गाच्या उपयोगाच्या थोड्या. पेन शेकडो, पण पंधरवड्यानंतर लिहिणारे मोजकेच. म्हणून जवळजवळ तीस वर्षे वर्गात घालवल्यानंतर वही, पेन व शाई या साध्या वस्तूंविषयी बनलेली आमची मते या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहोत.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने प्रारंभी थोडे मागे जाणे आवश्यक वाटते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी बालक भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. विटाळाच्या भीतीने काही शिक्षक त्यांच्या वहीलाही हात लावीत नसत, असे बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. ज्या वहीला गुरुजींचा हात लागत नाही, तिच्यातील चूक दुरुस्त कोण करणार? त्याआधी अर्धशतक, 1855 साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. लेखणी हाती येताच तिने मांग-महारांचे दुःख लिहिले. आपल्यासाठी वही आणि पेन या बाजारातल्या किरकोळ वस्तू नाहीत, त्या या कारणाने.

आता शाईविषयी. पूर्वी बोरू व दौत होती. काजळी आणि बाभळीचा डिंक पाण्यात घोटून पोथ्यांची काळी शाई करीत. दुसरी रीत आपल्या जंगलाशी नाते सांगणारी आहे. हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिसळला की काळी शाई तयार होते. युरोपात हेच काम ओक वृक्षावरील गाठींपासून करीत. अशी शाई लिहिताना फिकी दिसते व हवा लागल्यावर गडद होत जाते. पुढे बोरूची जागा टाकाने आणि टाकाची जागा फाउंटन पेनाने घेतली. मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईच्या पुड्या व गोळ्या बनविण्यास आरंभ केला. त्याच उद्योगातून ‘कॅमल’ शाई आणि कॅम्लिन हे नाव घरोघरी पोहोचले.

आमचा पहिला फाउंटन पेन तेंदूपत्त्याच्या हंगामात आईला मिळालेल्या मजुरीतून आला. त्याची जीभ सैल होती. खिशाला निळा डाग पडला नाही, असा आठवडा जात नसे. शाई संपली की शेजारच्या मुलाकडून थेंब उसने घ्यायचे, ते मोजून परत करायचे आणि वहीवर थेंब सांडला तर खडूच्या तुकड्याने टिपून घ्यायचा, हे आमच्या पिढीतील वाचकांना वेगळे सांगावयास नको.

तरीही फाउंटन पेनाविषयी आमचे मत आजही अनुकूल आहे. निबेच्या बारीक चिरेतून शाई केशाकर्षणाने आपोआप खाली उतरते, दाब द्यावा लागत नाही. त्यामुळे मुलाची बोटे सैल राहतात आणि अक्षराला वळण लागते. बॉलपेनची गोष्ट निराळी. त्याच्या टोकाला साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटरची धातूची गोळी असते. ती कागदावर फिरते तेव्हाच दाट, तेलकट शाई बाहेर येते. त्यासाठी पेन उभा धरून थोडा दाबावा लागतो. शाई चटकन वाळते, पाण्याने सहसा पसरत नाही, आणि किंमतही परवडते. जेल पेनची शाई पाण्यात कालवलेली असते. अक्षर ठसठशीत दिसते, परंतु रिफिल लवकर संपते आणि ओला हात लागला की बहुतेक जेल पेनांचे लेखन फरकटते. आमच्याकडील पावसाळ्यात हा दोष फार जाणवतो.

यावरून आमचा सल्ला असा : चौथीपर्यंत पेन्सिल, पाचवी ते आठवी फाउंटन पेन, आणि नववीपासून परीक्षेच्या गतीसाठी बॉलपेन. दान द्यावयाचा बॉलपेन रिफिल बदलता येणारा असावा आणि सोबत दोन रिफिली असाव्यात. लिहून फेकून देण्याचे दहा पेन देण्यापेक्षा असा एक पेन वर्षभर साथ करतो. शाई निळी अथवा काळी असावी, कारण उत्तरपत्रिकेत तीच चालते.

वही घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कागद. कागदाची जाडी वजनावर मोजतात. एक चौरस मीटर कागदाचे वजन 70 ग्रॅमच्या आसपास असेल तर शाई सहसा पलीकडे उमटत नाही. 50-55 ग्रॅमच्या पातळ कागदावर फाउंटन पेनाने दोन्ही बाजूंनी लिहिणे कठीण जाते, आणि पावसाळ्यात कागद सादळला की शाई फुटते. दुसरी, बांधणी. पिनांची वही दप्तरात मधोमध सुटते, दोऱ्याने शिवलेली टिकते. तिसरी, आखणी. लहान वर्गांना इंग्रजीसाठी चौरेघी, मराठीसाठी दुरेघी, गणितासाठी चौकडीची, तर वरच्या वर्गांना एकरेघी वही लागते. आमच्याकडे मात्र बहुतेक गठ्ठ्यांत 100 पानी एकरेघी वह्याच निघतात. आणखी एक सूचना : 200 पानी वहीत कागद शंभरच असतात आणि पुष्कळदा आवरणही पृष्ठांत मोजलेले असते. तेव्हा आवरणावरचा बारीक मजकूर वाचूनच वही घ्यावी.

वेळेचाही विचार व्हावा. डिसेंबरात येणाऱ्या वह्यांना निम्मे वर्ष उलटून गेलेले असते. विदर्भातील शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास धानाच्या पऱ्ह्यांची कामे असतात आणि पालकांच्या हाती पैसा नसतो. खरी गरज त्या पंधरवड्यातली. म्हणून 6 डिसेंबरला अभिवादन करावे, संकल्प करावा, आणि वर्गनिहाय यादी शाळेतून घेऊन वह्या जूनमध्ये द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. धम्मात दान हे घेणाऱ्याच्या उपयोगी पडणारे असावे, देणाऱ्याच्या समाधानापुरते नसावे, असे आम्ही मानतो.

दात्यांना सूचना करताना आम्हा शिक्षकांचेही कर्तव्य सांगितले पाहिजे. उत्तम वही, उत्तम पेन दिला आणि वही तपासलीच गेली नाही, किंवा शेवटच्या पानावर नुसती तांबडी सही उमटली, तर साताऱ्याच्या त्या गुरुजींमध्ये आणि आमच्यात अंतर ते काय राहिले? कारण वेगळे असेल, पण मुलाच्या वहीला हात लागला नाही, हे तर तेच. म्हणून तांबड्या शाईविषयी आमचे मत ठाम आहे : चुकीखाली नुसती रेघ ओढू नये, बाजूला बरोबर शब्द लिहावा आणि महिन्यातून एकदा तरी मुलाला उद्देशून एक पूर्ण वाक्य लिहावे.

बाबासाहेबांना चांगल्या पेनांची आवड होती. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीही ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम पाहत होते. ज्या बालकाच्या वहीला शिवण्यास शिक्षक धजत नव्हते, त्याच्या हातातली लेखणी अखेरच्या रात्रीपर्यंत थांबली नाही. येत्या जूनमध्ये आपण दिलेली वही शाळेत येईल, तेव्हा ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भरली जाईल आणि पानापानाला शिक्षकाचा हात लागेल, एवढे आश्वासन आम्ही शाळेच्या वतीने देतो.

जयभीम! नमो बुद्धाय!